दुसऱ्या चॅनेलवरचा रेनो

२१ ऑक्टोबर

टॉवरखालच्या खोलीत नवा ट्रान्समीटर अखेर बसला. डुएनने बटण दाबलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. जुना घरघरायचा, हा बोलतच नाही. मला वाटलं बंदच आहे. डुएन म्हणाला, "मॅव्हिस, आवाज येत नाही म्हणजेच तो चालू आहे." सातशे मैलांत हे काम करणारा एवढा एकच तंत्रज्ञ मिळतो, म्हणून त्याचे विनोद सहन करायचे.

आता एकाच टॉवरवरून दोन कार्यक्रम जातील. पहिलं चॅनेल कुठल्याही रेडिओवर लागतं, दुसरं फक्त डिजिटल रेडिओवर. म्हणजे नव्या गाड्यांत, आणि आम्ही फुकट वाटणार आहोत त्या थोड्या छोट्या रेडिओंवर. हे जमलं नाही तर पलीकडच्या शहरातली साखळी कंपनी स्टेशन घ्यायला टपलेलीच आहे. माझ्या वडिलांनी उभं केलेलं स्टेशन. कंपनीने घेतलं की इथे एकही माणूस माइकसमोर उरणार नाही.

डुएनने जाताना बजावलं, की डिजिटल आणि जुन्या लहरी जुळाव्यात म्हणून सगळं आता आठ सेकंद उशिरा हवेत जाणार. तेव्हा बोलताना कोणी स्वतःला रेडिओवर ऐकायचं नाही, हेडफोन थेट स्टुडिओतल्या ध्वनी-मिक्सरला लावायचे.

हे रेनोला उद्देशून होतं. रेनो म्हणजे माझा नवरा. होता. आठ वर्षांपूर्वी घटस्फोटाच्या सह्या झाल्या, पण सकाळची 'कॉफीची किटली' त्याचीच आहे, आणि त्याचं आडनाव अजून माझ्याकडे आहे, कारण बदलायचं तर स्टेशनच्या सगळ्या परवान्यांवर बदलावं लागेल. तो पहिल्यापासून हेडफोनमध्ये रेडिओवरचाच आवाज ऐकत बोलतो. वडिलांनी शिकवलेलं: टॉवरवर जाऊन लोकांच्या घरी पोचला तो आवाज खरा, मिक्सरमधला नुसता वायदा.

"मी माझं बघतो," रेनो म्हणाला.

"बघू नकोस, ऐक," मी म्हटलं.

२२ ऑक्टोबर

नाही ऐकलं. सकाळी त्याने नेहमीचंच बटण दाबलं. तोंडात एक वाक्य, कानात मागचं. अंत्यविधीच्या सूचना वाचताना तो अडखळला, थांबला, एकच नाव दोनदा घेतलं, मग शब्द लांबवायला लागला. आधी मला हसू आलं, मग घाम फुटला, कारण सगळं गाव ऐकत होतं.

हिल्माबाईंचा फोन पहिला. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, आमचं स्टेशन बंद करून झोपतात आणि चालू करून उठतात. "पोरी, रेनोला झटकाबिटका नाही ना आला?"

"नाही हो हिल्माबाई. झटका मशीनचा आहे."

दिवसभर हाच विनोद मी दहा जणांना सांगितला. रेनो हसला नाही. हेडफोन काढून बराच वेळ डावा हात उजव्या हातावर चोळत बसला होता.

२४ ऑक्टोबर

हेडफोन मिक्सरला लावले. काल आणि आज कार्यक्रम झक्कास. फिनलंडच्या भाषेतली जुनी गाणी, मयताच्या सूचना, मग 'अदलाबदल'. कुणाला बर्फ ढकलायचं यंत्र विकायचंय, कुणाला पाळणा हवाय. रेनोने एका बाईला विचारलं, "पाळणा परत देणार की भरून देणार?" हा माणूस मला घरात नको, पण माइकवर हवाच. हे मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

२९ ऑक्टोबर

पुन्हा तेच. सात-आठ मिनिटं जीभ जड, 'मंगळवार'ला 'गुरुवार' म्हणाला, कप हातातून सुटला आणि मिक्सरवर कॉफी सांडली. मी धावत गेले तर हेडफोनचं बटण मिक्सरवरच होतं. म्हणजे माझ्या पावलांची चाहूल लागताच त्याने फिरवलं असणार.

"चोरून रेडिओवर ऐकत होतास ना?"

"नाही."

"मग काय झालं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझं मशीन." आणि फडकं शोधायला लागला.

दुपारी एकदम ठणठणीत. लोकांनी फोन करावेत, नव्या तंत्राला शिव्या घालाव्यात, आणि मी घाबरून जुनं परत आणावं, असा त्याचा डाव आहे. मी याच्याबरोबर एकोणीस वर्षं काढली आहेत, याचे डाव मला पाठ आहेत.

२ नोव्हेंबर

बटणावर काळी टेप गुंडाळली. रेनो म्हणाला, "हातकड्याही आण."

४ नोव्हेंबर

टेप जशीच्या तशी. तरीही आज 'स' म्हणताना घसरला. थोडाच वेळ, पण घसरला.

६ नोव्हेंबर

डुएनला बोलावून ती तारच कापून टाकली. आता त्याने कितीही बटणं फिरवली तरी रेडिओवरचा आवाज हेडफोनमध्ये येणार नाही.

डुएन गाडीत बसता बसता म्हणाला, "रेनो मला विचारत होता, या हेडफोनने डोकं दुखतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का. मॅव्हिस, त्याला जरा तपासून घ्यायला सांगा ना."

"त्याच्या डोक्यात हट्ट आहे. तो कुठल्या तपासणीत दिसतो?"

डुएन हसला. पण नेहमीसारखा नाही.

९ नोव्हेंबर

आज मी वाईट बोलले. लिहून ठेवते, कारण बोलले ते बरोबर होतं की नाही ते मला नंतर बघायचंय.

तार कापलेली, टेप लावलेली, आणि तरी सकाळी याची जीभ तोंडात मावत नव्हती. बाहेर पाहिलं तर त्याची गाडी दोन गाड्यांच्या जागेत तिरकी उभी. एक हातमोजा चढवलेला, दुसरा पायरीवर पडलेला. हे चित्र मी ओळखते. याच चित्रापायी आमचं लग्न मोडलं. अकरा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली, पण तोवर माझ्यातलं काहीतरी आटून गेलं होतं.

गाणं लागलं तशी मी आत गेले. "परत सुरू केलीस?"

"नाही."

"रेनो, सगळं गाव ऐकतंय."

"नाही प्यालो." तो उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वास घे."

मी नाही घेतला. एवढ्या जवळ जायची माझी तयारी नव्हती. मी दार लावून घेतलं.

१२ नोव्हेंबर

निर्णय घेतला. सकाळचं पहिलं चॅनेल आता खेळ आणि नवी गाणी. जाहिरातदार तेच मागतात. 'कॉफीची किटली' दुसऱ्या चॅनेलवर, मागच्या छोट्या स्टुडिओतून. तिथे तो अडखळला तरी दीडशे लोकांपलीकडे कुणाला कळणार नाही.

मला वाटलं होतं तो भांडेल. भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते, मुद्दे पाठ केले होते.

"तिकडे ऐकणार कोण?" एवढंच विचारलं.

"ज्यांच्याकडे रेडिओ आहे ते. हळूहळू वाढतील."

"बरं." आणि त्याने तबकड्यांचं खोकं उचललं. डाव्या हाताने, छातीशी धरून. मदत करायला मीही पुढे झाले नाही, त्यानेही मागितली नाही.

संध्याकाळी हिल्माबाईंकडे डिजिटल रेडिओ घेऊन गेले. वेलदोड्याचा पाव आणि कॉफी झाल्याशिवाय त्या कशालाच हात लावू देत नाहीत. मग दुसरं चॅनेल लावून दिलं. त्या म्हणाल्या, "पोरी, तू त्याला मागच्या खोलीत टाकलंस ना?"

"तांत्रिक कारण आहे, हिल्माबाई."

"हो, सासूने मला मागच्या खोलीत टाकलं तेव्हा तिचंही तांत्रिकच होतं."

१५ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद, दुकानं बंद, सगळे पुरुष नारिंगी जाकिटं घालून जंगलात. रेनो मात्र स्टुडिओत. मी याला या दिवशी कधीच गावात पाहिलेलं नाही. आमच्या लग्नाचा वाढदिवससुद्धा या हंगामात यायचा म्हणून त्याने वसंतात साजरा करायला लावला होता.

"का नाही गेलास?"

"नेम धरवत नाही. कडेचं दिसत नाही नीट."

चष्मा बदल म्हटलं. त्याने मान हलवली. मला दया यावी म्हणून चाललंय सगळं. येते थोडी, हीच तर पंचाईत आहे.

१९ नोव्हेंबर

शाळेच्या बर्फावरच्या हॉकी सामन्यात फजिती. आमच्याकडे लोक रिंकमध्ये बसूनही कानाला रेडिओ लावतात. सामना डोळ्यांनी बघायचा आणि आमच्या माणसाकडून ऐकायचा. सामन्यापुरता तो आठ सेकंदांचा उशीर बंद करायचा मी विसरले. गोल झाला, सगळे उठून ओरडले, खाली बसले, आणि मग रेडिओने गोल केला. गेटवर मला लोकांनी एवढं फैलावर घेतलं की वाटलं, रेनो म्हणतो ते खरं, हे मशीनच सगळ्याला कारण आहे.

उशीर बंद केला. सामन्यानंतर पुन्हा चालू करायचं मात्र विसरले नाही, हे नोंदवून ठेवते.

२२ नोव्हेंबर

पहिल्या चॅनेलला तीन नवे जाहिरातदार. साखळी कंपनीच्या माणसाचा फोन आला होता, त्याला मी नीट झुलवत ठेवलं. आज पहिल्यांदा वाटलं की स्टेशन वाचतंय.

हिल्माबाई म्हणाल्या, "काय स्वच्छ लागतं गं हे! खरखर नाही, काही नाही. रेनोने कप ठेवला तरी ऐकू येतं. पण तो बोलत का नाही? गाण्यामागून गाणी लावतो नुसती. मयताच्या सूचनासुद्धा दोनच वाचल्या."

"रुसलाय."

"रुसलेला माणूस आवाजात कळतो मला, चार मुलगे वाढवलेत. हा रुसलेला नाही. हा जपून बोलतोय. बर्फावरून म्हातारा चालतो तसा."

त्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. मी अजून एकदाही दुसरं चॅनेल लावून ऐकलेलं नाही. वेळच होत नाही.

२७ नोव्हेंबर

रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते आहे. बाहेर अजून बर्फ पडतंय. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

काल पहाटेपासून गावापुढच्या सरोवरावरून वादळ. मी पुढच्या स्टुडिओत शाळा बंदच्या घोषणा करत होते. रेनो माझ्याआधी पोचला होता. कसा पोचला कोण जाणे. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, मी डोकावले नाही.

'कॉफीची किटली' सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. हिल्माबाईंचा फोन. "रेनो गप्प झालाय."

पहिल्या चॅनेलवर आवाज थांबला तर स्टेशनभर घंटा वाजते. दुसऱ्याला ती घंटा जोडायची राहिली होती. डुएनने दोनदा आठवण केली होती. मी हिल्माबाईंना म्हटलं, "वादळ आहे ना. डिजिटलचं असंच असतं. जुना रेडिओ खरखरत का होईना लागतो, हा सिग्नल कमी झाला की एकदम गप्प. रेडिओ खिडकीत ठेवा, तार लांब करा."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी घोषणा करत राहिले. चर्चचं जेवण रद्द, रक्तदान रद्द, बसफेऱ्या रद्द. किती वेळ ते मला माहीत नाही. ते मला माहीत असायला हवं होतं.

पुन्हा फोन. "पोरी, खिडकीत ठेवला."

"हिल्माबाई, मी आत्ता हवेत आहे."

"ऐक माझं. सिग्नल गेलेला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येतोय."

मी घोषणांचा कागद बाजूला सारला.

"घोरल्यासारखा येतोय गं. आमचे हे, आर्थर, गेले तेव्हा असाच यायचा. जा तिकडे. जा!"

मी माइक उघडा टाकून पळाले. पहिल्या चॅनेलवर गावाने माझ्या खुर्चीचा आवाज ऐकला म्हणे, आणि मग घंटा. ती घंटा वाजत असतानाच मी मागच्या खोलीत शिरले. रेनो खुर्चीत एका बाजूला कलला होता. हेडफोन तसेच डोक्यावर. माइकचा लाल दिवा चालू. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती, पण डोळे उघडे होते आणि दाराकडेच होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दारू नव्हती. मी आता त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होते, तेव्हा कळलं. नुसती कॉफी.

रुग्णवाहिका बर्फ ढकलणाऱ्या ट्रकच्या मागून आली. वाटभर मी त्याचा उजवा हात धरून बसले होते, आणि तो हात माझा धरत नव्हता.

डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक वेळेतच देता येतं. तिने विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले?"

मी म्हटलं, "आज सकाळी. बहुतेक."

"बहुतेक नको. तुम्ही ऐकलंत का?"

मी ऐकलं नव्हतं. रेडिओ स्टेशनची मालकीण, आणि माझ्या स्टेशनवर काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. हिल्माबाईंना फोन लावला. त्यांनी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, कुठल्या गाण्याआधी तो शेवटचं बोलला, कुठल्या सूचनेच्या मध्यात थांबला. डॉक्टरणीने घड्याळाकडे पाहिलं आणि धावत गेली. औषध वेळेत बसलं. थोडक्यात बसलं.

परत आल्यावर तिने विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं? थोडा वेळ जीभ जड, हातातून वस्तू सुटणं, दिसायला कमी?"

मी म्हटलं, नाही, आमच्याकडे नवं मशीन बसवलंय, त्याने सगळं आठ सेकंद उशिरा... आणि तिथेच थांबले. ती वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "ऑक्टोबरपासून. दर आठवड्याला. माझ्यासमोर."

तिने ते नुसतं लिहून घेतलं. त्यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर

वाचला. पाय हलतो, हात थोडा. बोलणं नाही. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. तोंड उघडतो, हवा येते, मग तो तोंड मिटतो आणि भिंतीकडे बघतो. वाचा शिकवणारी बाई म्हणाली, महिने लागतील, काही शब्द येतील, काही येणार नाहीत. रेडिओवर? तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे नाही.

मी गाडीत जाऊन रडले. मला त्याचा आवाज हवा आहे. घरात नको होता म्हणून सोडला, स्टेशनवर नको होता म्हणून मागे ढकलला, आणि आता तो कुठेच नाही. सगळी रेकॉर्डिंगं आहेत, पण ती ऐकायची हिंमत नाही.

डुएन आला होता. त्याने दुसऱ्या चॅनेलची घंटा जोडली आणि बिल दिलं नाही. "हिल्माबाईंना ते कसं काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"जुन्या लहरींवर खरखरीत बुडून गेलं असतं," तो म्हणाला. "डिजिटलवर शांतता खरीच शांत असते, मॅव्हिस. तिच्यात श्वासही सापडतो."

हे मी रेनोला सांगणार नाही. 'तुझं मशीन' म्हणून तो मला टोमणा मारू शकत नाही, तोवर मीही मारायचा नाही.

२ डिसेंबर

'कॉफीची किटली' उद्यापासून पुन्हा पहिल्या चॅनेलवर, पूर्ण गावाला. मी करणार. जाहिरातदारांना कळवलं, एक गेला. साखळी कंपनीच्या माणसाला नाही म्हणून टाकलं. मला गाण्यांची नावं नीट उच्चारता येत नाहीत, हिल्माबाई म्हणाल्या त्या फोनवरून दुरुस्त करतील.

४ डिसेंबर

कार्यक्रम बरा झाला. मी तीन नावं चुकले, तीन फोन आले, तिन्ही हिल्माबाईंचे.

दुपारी रुग्णालयात. वाचा शिकवणारी बाई रेनोला चित्रं दाखवत होती. कप. त्याने बराच वेळ घेतला, "क" आला, पुढचं नाही. गाडी. नाही आलं. कुत्रा. त्याने डोळे मिटून घेतले. घामाने कपाळ भिजलं होतं. आठवडाभरापूर्वी मी त्या शब्दाची आठवण करून दिली असती, घाई केली असती, कारण सांगितलं असतं. आज पलंगाजवळ गप्प बसले.

तिने चित्रं खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "या कोण आहेत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. डावा हात चादरीवर मुठीत आवळला होता. मग शब्द आला. जड, एका बाजूने, पण अख्खा.

"बायको."

बाईने हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिथे माझ्या नावापुढे 'पूर्वाश्रमीची पत्नी' लिहिलेलं आहे, मीच भरून दिलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तर चूक धरायचं की बरोबर ते विचारायला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बरोबर धरा."